तीन शेजारी आणि एकसष्टावी ओळ

झोर्या, सस्कॅचेवान
५ ऑगस्ट १९९६

ओरिस्याबाई,

पानं पाठवली आहेत. गव्हाच्या दोनशे चाळीस ओळी, प्रत्येकीचं एक पाकीट, त्यावर नंबर. बर्फाचा डबा सॅस्कटूनच्या बसवाल्याकडे दिला. त्याने त्यात आपला जेवणाचा डबा आणि कोकची बाटली कोंबली असेल तर मला फोन करून ओरडू नकोस. सोबत माझ्या वहीची प्रत आहे: कुठली ओळ स्वच्छ, कुठलीवर तांबेरा.

आता एक विचारतो. मागच्या वर्षी तुझ्या प्रयोगशाळेने पोतंभर पानं मागवली, त्यांना किरणोत्सारी काहीतरी लावलं, आणि पाच महिन्यांनी मला कळवलं की माझी वही बरोबर आहे. पाच महिने! वही बरोबर आहे हे मला पहिल्या दिवशीच ठाऊक होतं. यंदा म्हणे नव्या खुणा, चिमूटभर पान पुरतं, आठवड्यात निकाल. पुढच्या वर्षी पान न बघताच निकाल लावाल. नव्याचे नऊ दिवस!

आमच्या वेळी तांबेरा येतो की नाही हे गव्हालाच विचारायचे. तुम्ही त्याच्या शेजाऱ्याला विचारता. जनुक तुम्हाला सापडत नाही, म्हणून गुणसूत्रावर त्याच्या आसपास राहणारी एखादी खूण गाठायची. शेजारी घरी असला तर तोही घरीच असणार, असा तुमचा न्याय. आपल्या गल्लीत हा न्याय लावला असता तर सगळ्यांचीच लग्नं मोडली असती.

गंमत पुरे. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात मला पासष्ट पूर्ण होतात. आमचं संशोधन केंद्र मला एक घड्याळ देईल, केक कापेल, आणि माझं काम बंद करेल. दुसरा माणूस नेमणार नाहीत, साहेबाने स्पष्ट सांगितलंय. त्याआधी माझा एक तरी गहू प्रेअरीभरच्या चाचणीसाठी उभा राहिला नाही, तर वीस वर्षांचं बियाणं शीतपेटीत जाईल आणि तिथेच मरेल. रानगवतातून आणलेलं जनुक तांबेरा अडवतं, पण त्याच्याबरोबर पिवळं पीठ येतं, आणि पिवळ्या पिठाचा पाव गिरणीवाला दारात उभा करत नाही. मला एक ओळ हवी: तांबेरा नको, पिवळेपणाही नको. वीस वर्षांत एक सापडली नाही.

हिल्डा एप्रिलात निवृत्त झाली हे तुला माहीत आहेच. तेवीस वर्षं ती माझ्याबरोबर ओळी फिरली. यंदाच्या नोंदी मी एकट्याने केल्या. तुझी आई बरी आहे, तिच्या कोंबड्या माझ्यापेक्षा बऱ्या आहेत.

मामा


सॅस्कटून
२० सप्टेंबर १९९६

प्रिय मामा,

आधी सांगते, कुणाचा डबा नव्हता. कोक होता. पाकिटांना चिकटला होता.

निकाल आले आणि मला घाम फुटलाय. दोनशे चाळीसपैकी दोनशे अठरा ओळी तुमच्या वहीशी जुळतात. बावीस जुळत नाहीत. नऊ ओळींना तुम्ही स्वच्छ म्हणता आणि आमच्या खुणेनुसार त्यांच्यात रानगवताच्या गुणसूत्राचा तुकडाच नाही. तेरांच्या बाबतीत उलट. मागच्या वर्षी एकही फरक नव्हता.

दोष आमचाच असणार. या झटपट खुणा फार लहरी असतात. त्याच पानाची तीच पट्टी सोमवारी दिसते, मंगळवारी दिसत नाही. पाणी बदललं, यंत्र बदललं, कुणी दार जोरात लावलं, तरी रुसतात. आमच्या मास्तरांना मी म्हटलं, “मामाची वही चुकत नाही.” ते म्हणाले, “ओरिस्या, विज्ञानात मामा नसतो.” मला इतका राग आला की त्यांच्या टेबलावरचं पेन घेऊन आले. याच पेनाने लिहितेय.

तर मी बावीस ओळी पुन्हा करतेय, दोन पद्धतींनी. एक मागच्या वर्षीची जुनी, संथ पण इमानदार. ती आईकडून काय आलं आणि बापाकडून काय आलं हे वेगवेगळं दाखवते. दुसरी अगदी नवी: गुणसूत्रावर डीएनएची दोनच अक्षरं पुन्हा पुन्हा येतात अशा जागा असतात, ती आवर्तनं मोजायची. झटपट आणि शिवाय भरवशाची. मला तीन महिने द्या.

आणि मामा, तुमचं अक्षर! चार ओळींत पान भरतं. माझ्या लहानपणी तुम्ही वहीच्या एका रेघेत दोन ओळी बसवायचात. केंद्राने कागद फुकट वाटायला घेतलाय का?

तुमची ओरिस्या


झोर्या
३० सप्टेंबर १९९६

ओरिस्या,

पेन नवं आहे, जाड आहे. माझ्या अक्षराची तपासणी करायला मी पाकीट पाठवलं नव्हतं.

बावीस! नाचता येईना अंगण वाकडं. तुमच्या खुणा मंगळवारी रुसतात आणि माझी नऊ वर्षांची ओळ त्यावर ठरवायची? जानेवारीअखेर मला समितीला यादी द्यायची आहे. तुझे मास्तर माझ्या वयाचे होतील तेव्हा त्यांना कळेल की विज्ञानात मामा असतो आणि तो बांधावर उभा असतो.

कर तुझ्या दोन पद्धती. पण एक सांग: तिन्ही शेजाऱ्यांनी एकच सांगितलं तर ते खरं, असं तू धरणार का?

मामा

ता.क. तुझी आई म्हणते ख्रिसमसला नक्की ये. मीही म्हणतो, पण तिच्याएवढं नाही.


सॅस्कटून
३ डिसेंबर १९९६

प्रिय मामा,

हो, धरणार. आणि वाईट वाटतंय, पण धरलंय.

तिन्ही पद्धतींचं एकमत आहे. बावीसच्या बावीस ओळींवर. लहरी खूण, इमानदार खूण, नवी आवर्तनांची खूण, तिघींनी तिघींकडे न बघता तेच सांगितलं. मी पानं पुन्हा काढली, नंबर पुन्हा तपासले, माझ्या हाताखालच्या मुलीला न सांगता दोन पाकिटांची अदलाबदल केली, ती अदलाबदलही तिघींनी पकडली. आता मी कुणाला दोष देऊ? एक महिना झोप नाही, बोटांना रसायनाने भेगा पडल्यात, आणि दर वेळी उत्तर एकच: वही चुकली.

सगळ्यात जास्त डोकं फिरलं ते एकसष्टाव्या ओळीवर. तुम्ही तिच्यापुढे लिहिलंय: “सगळ्यांत स्वच्छ.” खाली दोन रेघा. मामा, तिन्ही खुणांनुसार तिच्यात रानगवताचा अंशही नाही. वर पीठ तपासणाऱ्यांचा अहवाल आला: एकसष्टचं पीठ पांढरंशुभ्र. झालं ना सिद्ध! तुकडा असता तर पीठ पिवळं आलं असतं. तुकडा नाही, म्हणून पीठ पांढरं, आणि म्हणून तांबेराही येणारच.

मास्तरांनी यादीवर सही केली आहे. कृपा करून त्या बावीस ओळींचं बियाणं काढून टाका. जुळणाऱ्या ओळींतून दोन-तीन पिवळसर का होईना, पण समितीपुढे ठेवू. काहीतरी पुढे जाईल.

ख्रिसमसला येणं जमत नाही. रागाने नाही. बरं, थोडं रागानेच.

ओरिस्या


झोर्या
८ जानेवारी १९९७

ओरिस्या,

टाकलं. तुझ्या यादीबरहुकूम. बावीस पाकिटं तुझ्या आईच्या कोंबड्यांपुढे ओतली. वीस वर्षांचं शास्त्र त्यांनी दहा मिनिटांत टिपलं. आता तुझे मास्तर शांत झोपतील.

काल आपला जुन्या पंचांगाचा ख्रिसमस झाला. तू नव्हतीस हे तुझ्या आईने, स्टेफाने, सहा वेळा बोलून दाखवलं, ताट मांडताना एकदा आणि उचलताना पाच वेळा. बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, आपली पिरोही, चाळीस केली होती, उरली. कोपऱ्यात नेहमीसारखी गव्हाची पेंढी उभी केली. माझ्या बापाची रीत, घरातला सगळ्यात चांगला गहू त्या दिवशी कोपऱ्यात उभा राहतो, पूर्वज त्यात येऊन बसतात म्हणे. यंदा मी एकसष्टची उभी केली. शेडमध्ये तिची मळणी न केलेली एक जुडी टांगलेली होती. तुझ्या यादीत पाकिटं होती, जुडी नव्हती.

मधातल्या उकडलेल्या गव्हाचा घास मी छताला फेकला. चिकटला तर पीक चांगलं. तुझी आई म्हणाली, चिकटला. तिच्या शब्दावर विश्वास ठेवला.

समितीला मी काहीच पाठवणार नाही. पिवळ्या पिठाला माझं नाव नको.

मामा


सॅस्कटून
२ मार्च १९९७

मामा,

आईशी काल फोनवर बोलले. ती शेजारच्या मेरीच्या बटाट्यांबद्दल सांगत होती आणि मध्येच तुमच्याबद्दल म्हणाली, “त्या दिवशी नेस्टरने चहा कपाच्या शेजारी ओतला, अख्खा, आणि मला म्हणाला कप सरकला.” मग म्हणाली, “मी काही बोलले नाही हं. मूर्तीपुढे शपथ घेतली आहे मी.”

मूर्तीपुढे शपथ! चहासाठी!

मी फोन ठेवला आणि तुमची सगळी पत्रं काढून टेबलावर मांडली. ऑगस्टचं अक्षर, सप्टेंबरचं, जानेवारीचं. जानेवारीच्या पत्रात एका पानात तीनच ओळी आहेत आणि त्या सगळ्या उजवीकडे खाली घसरतायत. “आई म्हणाली, चिकटला.” तुम्ही वर बघितलं नाहीत का? हिल्डा होती तोवर वही बिनचूक होती. हिल्डा गेली आणि बावीस चुका झाल्या. आजी शेवटी भिंत धरून चालायची, आणि आम्ही पोरं तिच्या वाटेत मुद्दाम खुर्ची ठेवायचो, देव मला क्षमा करो.

तुम्हाला दिसत नाही ना?

मी सहा महिने माझी प्रयोगशाळा उकरून काढली. यंत्राला शिव्या दिल्या, पाण्याला शिव्या दिल्या, हाताखालच्या मुलीला रडवलं, मास्तरांशी बोलणं बंद केलं. तीन पद्धती एकमेकींवर घासल्या. आणि दोष खुणांचा नव्हताच. चोर सोडून संन्याशाला फाशी. तुम्ही मला एका वाक्यात सांगितलं असतं, तर मी स्वतः येऊन तुमच्याबरोबर ओळी फिरले असते. तुम्ही मला परकी समजता का, मामा? मला इतका राग आलाय आणि इतकं रडू येतंय की पुढे लिहवत नाही.

ओरिस्या


झोर्या
२० मार्च १९९७

ओरिस्या,

हो.

मधोमध एक राखाडी ठिपका आहे. जिथे बघावं तिथे तो असतो. कडेने दिसतं. तुझ्याकडे बघायचं असेल तर तुझ्या कानाकडे बघावं लागतं. माझ्या आईचं, तुझ्या आजीचं, असंच सुरू झालं होतं, साठीतच. डॉक्टर म्हणतात घराण्यात उतरतं.

हिल्डाला माहीत होतं. शेवटची दोन वर्षं तीच बघायची, मी फक्त मान डोलवायचो. ती गेल्यावर कुणाला मागितलं असतं तर दुसऱ्या दिवशी मला घरी बसवलं असतं. एक हंगाम उरला होता. वाटलं, ओढून नेऊ. अभिमान म्हण, मूर्खपणा म्हण, तुझ्यापुढे दोन्ही एकच. तुला सांगायची लाज वाटली. तूच एकटी होतीस जिला मी अजून बांधावरचा मामा वाटत होतो.

आता नीट वाच. बावीसपैकी एकवीस चुका माझ्या. ढगाळ दिवस होते, घाई होती, काही ठिकाणी मी अंदाज लिहिला. माफी माग म्हणालीस तर तुझ्या मास्तरांचीही मागतो.

पण एकसष्ट माझी चूक नाही.

तांबेऱ्याचे फोड पानावर खरखरीत लागतात, ओल्या वाळूसारखे. डोळे गेले तशी मी अंगठ्याने ओळी वाचायला लागलो. सगळ्या वाचायला वेळ नव्हता, एकसष्ट मी दर तिसऱ्या दिवशी वाचली, प्रत्येक रोप, बुडापासून टोकापर्यंत. शेजारच्या साठाव्या ओळीवरून हात काढला तर बोट भगवं व्हायचं, स्टेफा ओरडायची. एकसष्ट गुळगुळीत होती. ऑगस्टअखेरही गुळगुळीत. डिसेंबरात तू पांढऱ्या पिठाबद्दल लिहिलंस तेव्हा मला कळलं, हीच ती ओळ. पण भांडायचं तर कसं कळलं हे सांगावं लागलं असतं. गप्प बसलो. तो दोष कुठल्याही डोळ्यांचा नाही.

तर शास्त्रीणबाई, तुमचे तीन शेजारी एकच सांगतात. मान्य. पण ते राहतात कुठे? घराच्या दोन्ही बाजूंना, की तिघेही एकाच बाजूला?

मामा

(हे मी आता स्टेफाकडून वाचून घेतलं. ती रडतेय. कोंबड्यांना खायला द्यायची वेळ टळली.)


सॅस्कटून
१ एप्रिल १९९७

मामा,

आज एप्रिल फूलचा दिवस आहे आणि मान मीच पटकावला.

नकाशा माझ्या टेबलासमोर भिंतीवर लावलाय, गेली दोन वर्षं. तिन्ही खुणा जनुकाच्या एकाच बाजूला आहेत. बाहेरच्या. आणि पीठ पिवळं करणारं जनुकही त्याच बाजूला, त्यांच्याच रांगेत. दुसऱ्या बाजूला आमची एकही खूण नाही. मी तीन साक्षीदार आणले आणि तिघेही एकाच घरात राहणारे. पद्धती वेगळ्या होत्या, जागा एकच होती. संथ की झटपट, लहरी की भरवशाची, यावर मी सहा महिने डोकं फोडलं, आणि कुठे उभी आहे हे कुणाला विचारलंच नाही.

एकसष्टमध्ये तो तुकडा मध्येच तुटला असणार. शेजारी गेले, पिवळेपणा गेला, तांबेरा अडवणारा तेवढा मागे राहिला. तुम्ही वीस वर्षं जी ओळ शोधत होता, ती माझ्या हातात तीन पुराव्यांसकट आली होती आणि मी ती कोंबड्यांना घालायला लावली. काखेत कळसा, गावाला वळसा.

मामा, पेंढी? जाळली ना तुम्ही? ख्रिसमसनंतर ती जाळतात. आई दर वर्षी अंगणात जाळते. मी आईला फोन केला तर ती म्हणाली, “नेस्टरला विचार,” आणि ठेवला. मला खरं सांगा. जाळली असेल तरी सांगा.

ओरिस्या


झोर्या
२० मे १९९७

ओरिस्या,

तुला सात आठवडे वाट बघायला लावली. तू मला पाच महिने लावली होतीस. आता फिटलं.

पेंढीचं फक्त काड जाळतात. दाणे आधी चोळून काढतात आणि वसंतात पेरणीच्या बियाण्यात मिसळतात. तुझा आजोबा पहिली मूठ त्याचीच टाकायचा. शहरात राहून तुला निम्मी रीत आठवते, तीही जाळण्याची.

काल पेरलं. केंद्रात नाही, तिथे माझी बावीस पाकिटं कागदोपत्री मेलेली आहेत. स्टेफाच्या कोबीमागे, शेपूच्या दोन ओळी उपटून. ती तीन दिवस बोलत नव्हती. एकसष्टच्या तीन ओळी, मध्ये मध्ये तांबेरा हमखास येणारा गहू.

ऑगस्टात ये. डोळे घेऊन ये.

मामा


सॅस्कटून
१२ ऑगस्ट १९९७

प्रिय मामा,

काल मी तुमच्यासमोर नीट बोलू शकले नाही म्हणून लिहितेय.

आजूबाजूच्या ओळी भगव्या झाल्या होत्या, आईचा पांढरा एप्रन कंबरेपर्यंत भगवा, आणि मध्ये एकसष्ट हिरवीगार. पानापानावर तजेलदार निरोगी हिरवं. मी भिंग लावून दोन तास फिरले. एक फोड नाही. तुम्ही बांधावर उभं राहून माझ्या कानाकडे बघत होता आणि दर पाच मिनिटांनी विचारत होता, “सापडला का?” इतक्या वैतागलेल्या आवाजात की मला हसू यायला लागलं आणि मग रडू.

पानं आणली आहेत. या वेळी दुसऱ्या बाजूची खूण आधी शोधणार. यादीवर सही माझी असेल. मास्तरांना मी सांगितलंय की या कामात मामा आहे, आणि त्याचं नाव पहिलं येईल.

ओरिस्या


सॅस्कटून
१ मार्च १९९८

प्रिय मामा (आई, हे मोठ्याने वाच, आणि मध्ये थांबून स्वतःचं मत घालू नकोस),

समितीने एकसष्ट घेतली. पुढच्या हंगामात मॅनिटोबापासून अल्बर्टापर्यंत चौदा ठिकाणी पेरतील. अर्जात एक रकाना होता: निवड कोणत्या पद्धतीने केली. मी लिहिलं, “अंगठा.” कुणीतरी हसलं. मी नकाशा लावला आणि तीन शेजाऱ्यांची गोष्ट सांगितली. मग कुणी हसलं नाही. दुसऱ्या बाजूला आता आमची एक खूण आहे. एकसष्टमध्ये ती जागेवर सापडली.

आता दुसरी गोष्ट. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आपल्या चाळीस नातेवाइकांचं रक्त घेतलं होतं ना, तेच सगळं, तशाच खुणा, फक्त गव्हाऐवजी आपण. त्यांचं पत्र आलं. खुणा म्हणतात, आजीचा तो तुकडा तुमच्याकडे आहे आणि माझ्याकडेही आहे. मी त्यांना विचारलं, तुमचे शेजारी कुठल्या बाजूला राहतात? ते चक्रावले. मग म्हणाले, एकाच बाजूला, अजून दुसरी मिळालेली नाही. म्हणजे मामा, खुणा असूनही ते जनुक माझ्यात नसेल, मी उलटी एकसष्ट असू शकते. नसूही शकते. भीती वाटते, हे तुमच्यापासून लपवणार नाही, लपवण्याचं काय होतं ते आपण बघितलं.

काचघरात मी रोज दुपारी डोळे मिटून वीस कुंड्या अंगठ्याने वाचते. परवा सतरा बरोबर आल्या.

तुमची ओरिस्या


झोर्या
९ मार्च १९९८

ओरिस्या,

विसांत तीन चुकल्या. पुन्हा जा.

पण रोज नको. अंगठा कधीही शिकता येतो, मी चौसष्टाव्या वर्षी शिकलो. आधी उघड्या डोळ्यांनी बघून घे. ऑगस्टअखेर गहू पिकायला लागतो तेव्हा सकाळचा त्याचा रंग वेगळा असतो, दुपारचा वेगळा. मी चाळीस वर्षं त्यात उभा होतो आणि तांबेरा सोडून काही पाहिलं नाही. आता आठवायला जातो तर आठवत नाही.

या ऑगस्टात ये. वही आणू नकोस. बांधावर बसू, आणि तू मला तो रंग सांग.

मामा